अकरा जणांची उत्तरं

स्टीलच्या डब्याचं झाकण ओट्यावरून घसरलं आणि फरशीवर गरगरत राहिलं. तिने धावत जाऊन त्यावर पाय ठेवला. आत लेक कुशीवर वळली, पुन्हा झोपली. सुट्टीच्या दुपारी लेक झोपली की मिळतो तेवढाच एक तास तिचा. आज तोही एका पत्रात अडकला होता, आणि पत्र काही पहिल्या ओळीपुढे सरकेना.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात ती कारकून. नोकरी अजून कच्ची, पुढच्या महिन्यात पक्की व्हायची. गेल्या वर्षी वरून फर्मान आलं होतं: कामाच्या जागी लैंगिक छळ होऊ नये म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याने संगणकावर प्रशिक्षण घ्यायचं आणि शेवटी वीस प्रश्न सोडवायचे. आता निकालाच्या दिवसांत फुरसत कुणाला? सगळ्यांनी आपापले पासवर्ड चिठ्ठ्यांवर लिहिले आणि आणून टाकले तिच्या टेबलावर.

"तुझी बोटं चपळ आहेत बाई," शेजारच्या टेबलावरच्या काकू म्हणाल्या. "आमचंही पुण्य तूच पदरात घे."

"आणि माझे मार्क कमी पडले तर बघ हं," अधीक्षक हसत म्हणाले. "साहेबाच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

दोन दुपारींत तिने अकरा जणांचं प्रशिक्षण उरकलं. अधीक्षकांना वीसपैकी वीस. त्यांनी प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीमागे टांगलं. सगळे हसले. तीही हसली.

मग झेरॉक्स मशीनवर नवी मुलगी आली. जुने गठ्ठे काढायला म्हणून अधीक्षक तिला रेकॉर्ड रूममध्ये बोलवायचे आणि दार लोटून घ्यायचे. बाहेर आली की मुलगी थेट नळावर जायची, कोपरापर्यंत हात धुवायची. पुन्हा पुन्हा. आपल्या टेबलावरून तिने ते पाहिलं होतं. धूळ असेल, अशी स्वतःची समजूतही घातली होती.

गेल्या आठवड्यात मुलीने तक्रार केली. परवा चौकशी समितीसमोर जाऊन आली आणि जिन्यात बसून राहिली.

"ताई, साहेबांनी ती फ्रेमच नेली होती. म्हणाले, ज्याला सगळं कळतं तो असं करेल का? आणि म्हणाले, ही कधी नको म्हणालीच नाही." मुलीने नाक पुसलं. "भीतीनं माझं तोंडच उघडत नव्हतं हो."

तिला प्रशिक्षणातला सातवा प्रश्न आठवला. समोरची व्यक्ती गप्प राहिली, तर तिची संमती समजावी का? 'नाही'वर बोट तिचं होतं. अकराही वेळा.

आज सकाळी तिने काकूंना फोन केला. त्या भडकल्याच. "स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस? तू कच्ची, मी निवृत्तीला टेकलेली. सगळेच अडकू!"

"मग गप्प बसू?"



"नळावर मीही बघत होते गं तिला," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "लिही. माझं नाव गाळू नकोस."

तिने झाकण जागेवर ठेवलं, हात पुसले आणि संगणकासमोर बसली. 'अधीक्षकांनी हे प्रशिक्षण घेतलेलं नाही. त्यांची वीसही उत्तरं मी दिली. ती माझी चूक आहे.' खाली बाकीची नावं, काकूंचं सगळ्यात वर. शेवटी नळाबद्दल लिहिलं. जे पाहिलं ते सगळं.  पुन्हा वाचत न बसता तिने पत्र समितीला पाठवून दिलं.

मागे पावलं वाजली. लेक डोळे चोळत उभी, स्वेटरची बटणं उघडी.

"लावून दे."

"येत नाही, की करायचं नाही?" तिने रोजचा प्रश्न विचारला.

"करायचं नाही," लेक खुदकन हसली आणि मांडीवर चढली. "काय लिहितेस?"

"ऑफिसातल्या एका काकांचा अभ्यास मी करून दिला होता. तेच सांगितलं आता."

"का करून दिलास?" लेकीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "त्यांना येत नव्हतं, की करायचं नव्हतं?"