आधी झडप उघडायची

गार्थने आपल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर हिरवं कापड अंथरलं, त्यावर तीन रिव्हॉल्व्हरं ओळीनं मांडली आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. व्हर्नने हॅट काढून बायकोच्या, आर्डिसच्या हातात दिली. दर शनिवारी द्यायचा तशीच.

“आयुष्यात पहिल्यांदाच घेतोय मी,” तो म्हणाला. “तेव्हा घाई नाही करायची, रॉय. नीट बघून घेणार.”

“दुकान तुमचंच आहे. दुपारपर्यंत बघा.”

रॉय म्हणजे गार्थचा बाप. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. पहिले एक-दोन शनिवार ‘मी गार्थ, व्हर्न, गार्थ’ असं त्यानं सांगून पाहिलं, मग नाद सोडला. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला गार्थ आता शनिवारी सकाळी तासभर आपला बाप होऊन उभा राहायचा.

“पोरगं कसंय तुझं?” व्हर्नने विचारलं.

“आहे की. गणितात परत गटांगळी खाल्ली.”

“खाऊ दे. डोकं जरा कमी आहे त्याचं, पण नेम झकास आहे.”

“डोकं कमी आहे खरं,” गार्थ स्वतःबद्दलच म्हणाला आणि त्यानं आर्डिसकडे पाहिलं. एरवी इथं ती हसायची. आज तिनं हॅटची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि ती व्हर्नच्या अंगठ्याकडे बघत होती.

तिच्या पर्समध्ये शेरिडन शहरातल्या एका शुश्रूषा केंद्राचं पत्र होतं. विस्मरणाच्या रुग्णांच्या विभागात एक खोली रिकामी झाली होती, डोंगराकडे खिडकी असलेली. सोमवारी दुपारी बारापर्यंत ती व्हर्नसाठी राखून ठेवणार होते, नंतर यादीतल्या पुढच्या माणसाला देणार होते. डेन्व्हरहून मुलगी रोज फोनवर तेच सांगत होती, “आई, बाबांच्या आधी तू मरशील. कळतंय का तुला?” आर्डिसला कळत होतं. मंगळवारी भर दुपारी व्हर्नने स्वयंपाकघरात तिचं मनगट पिरगाळलं होतं. कोण तू, माझ्या घरात काय करतेस, माझी बायको कुठाय? बाजारात गेलीय, येईल इतक्यात, असं तिनंच त्याला सांगितलं. मग मागच्या लाकडांच्या खोपट्यात जाऊन ओंडक्यावर बसली आणि ॲप्रन तोंडात कोंबून रडली. मनगटावरचा वळ अजून बाहीखाली होता, पिवळा पडत चाललेला.

तरी तिनं पत्राला उत्तर दिलं नव्हतं. तिनं मनाशी एक ठरवून ठेवलं होतं, आणि ते ती कुणाला सांगणार नव्हती, कारण सांगितलं असतं तर मुलीनं तिलाही वेड्यात काढलं असतं.

व्हर्न एकतीस वर्षं गावच्या नेमबाजी क्लबचा पंच होता. पोट भरायला काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचा, पण माणूस म्हणून तो जो कुणी होता तो महिन्याच्या पहिल्या रविवारी, मैदानावर. त्याचा नियम साधा. शस्त्र हातात आलं की दुसरं काही करण्याआधी मुठीच्या वरचा घोडा अर्धा मागे ओढायचा, बाजूची झडप उघडायची, गोळ्यांची फिरकी फिरवायची आणि सहाही घरं रिकामी आहेत हे आपल्या डोळ्यांनी बघायचं. देणाऱ्यानं तुमच्यासमोर बघितलेलं असलं तरी बघायचं. “दुसऱ्याच्या डोळ्यांचा मला काय उपयोग?” तो म्हणायचा. आणि नळी कधी माणसाकडे वळवायची नाही, रिकामी असली तरी नाही. कुणी चुकलं तर व्हर्न आवाजसुद्धा चढवायचा नाही. नुसता जवळ जाऊन म्हणायचा, “आजच्यापुरतं झालं. ते खाली ठेव आणि घरी जा. पुढच्या महिन्यात ये.” चर्चचा पास्टर असो नाहीतर शेरीफ, हुज्जत घालायची सोय नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी आर्डिसनं हसता हसता वळून नळी लोकांकडे फिरवली, तेव्हा त्यानं तिलाही सगळ्यांदेखत हेच सांगितलं. ती चार दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. पुढच्या महिन्यात मात्र गेली.

आता त्याला नातवाचं नाव आठवत नव्हतं. न्हाणीघर कुठंय ते आठवत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी टपालवाल्या बाईला चोर समजून तो ओसरीत बंदूक घेऊन उभा राहिला, त्याच दिवशी आर्डिसनं गार्थला बोलावून घरातली अकराच्या अकरा शस्त्रं त्याच्या गाडीत भरली. पुढच्या शनिवारी व्हर्न रिकाम्या कपाटासमोर उभा राहिला आणि लहान मुलासारखा खुलून म्हणाला, “आर्डी, मी म्हणतो, नेमबाजीसाठी एक रिव्हॉल्व्हर घ्यावं का? जुन्या पद्धतीचं, दर वेळी अंगठ्यानं घोडा ओढायचा तसलं.” ती त्याला इथं घेऊन आली. तेव्हापासून दर शनिवारी तो आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर निवडत होता, आणि दर शनिवारी, हातात घेतल्या घेतल्या, त्याचा अंगठा आपणहून घोड्यावर जायचा, नख झडपेखाली शिरायचं, फिरकी टिकटिक करत सहा वेळा फिरायची.

तो अंगठा जोवर विसरत नाही तोवर मी याला कुठं पाठवणार नाही. एवढंच तिनं ठरवलं होतं.

व्हर्नने पहिलं उचललं. लांब नळीचं, चकचकीत.

“नेमाला बरं पडतं हे,” तो म्हणाला. “लांब नळी स्थिर राहते. पण मनगट भरून येईल माझं.” त्यानं ते भिंतीकडे रोखून पाहिलं आणि खाली ठेवलं.

झडप उघडली नाही त्यानं. हे त्याला घ्यायचंच नव्हतं ना, आर्डिसनं मनाशी म्हटलं. न घ्यायच्या वस्तूची कोण कशाला तपासणी करेल?

दुसरं पॉइंट टू-टू गोळीचं, लहान आणि हलकं. “शिकाऊ माणसाला यासारखं दुसरं नाही,” गार्थ म्हणाला. “धक्का नाही, आवाज नाही.”

“हं. पण हात भरत नाही रे. नातवाला घेतल्यासारखं वाटतं.” त्यानं नुसतं तळहातावर तोललं आणि परत कापडावर ठेवलं. या वेळी गार्थनं मान वर करून त्याच्या हाताकडे पाहिलं, मग चटकन कॉफीचा पेला उचलला.

हे तर खेळणंच आहे, आर्डिस स्वतःला समजावत होती. चल व्हर्न. ते तिसरं घे. ते घेतलंस की तुझा हात जागा होईल. देवा, एवढं एक कर.

तिसरं काळसर निळं होतं, साडेपाच इंच नळीचं, अक्रोडाच्या मुठीचं. अंगठ्याजवळ मूठ झिजून गुळगुळीत झाली होती. ते व्हर्नचंच होतं. चोपन्न वर्षांपूर्वी बर्फाच्या गाडीवरच्या पहिल्या पगारात त्यानं ते याच काउंटरवर रॉयकडून घेतलं होतं. गार्थनं बाकीची दहा विकली, हे एक कपाटात वेगळं ठेवलं होतं. दर शनिवारी व्हर्न फिरून फिरून तेच निवडायचा. कागदपत्रं व्हायला आठवडा लागेल, असं गार्थ सांगायचा. नियमाचा माणूस, व्हर्न लगेच मान डोलवायचा. मग गार्थ त्यावर दोऱ्यानं त्याच्या नावाची चिठ्ठी बांधायचा. सोमवारी ती सोडून ठेवायचा.

व्हर्नने ते उचललं. त्याची बोटं मुठीवर बसली.

“हे,” तो म्हणाला. “हे जणू माझ्या हाताचं माप घेऊन केलंय, रॉय.”

“मला वाटलंच होतं.”

“कुणीतरी खूप वापरलंय. जीव लावून वापरलंय. विकलं कशाला रे त्यानं?”

“गाव सोडलं त्यानं,” गार्थ म्हणाला. हेही दर शनिवारचंच. पण आज तो आर्डिसकडे बघत नव्हता, तिच्यासारखाच तोही त्या अंगठ्याकडे बघत होता.

अंगठा घोड्यावर गेला. घोडा एक टिक मागे आला, दोन टिक, आणि इथं थांबायचं असतं, इथं झडप उघडायची असते. अंगठा थांबला नाही. घोडा पुरता मागे आला.

“आर्डीला दाखवतो,” व्हर्न आनंदानं म्हणाला आणि वळला, अख्खाच्या अख्खा, नळीसकट. नळी गार्थच्या पोटावरून फिरत आली आणि आर्डिसच्या छातीवर थांबली. त्याचं बोट चापावर होतं. तो तिच्याकडे बघत होता आणि दुकानात आर्डी कुठंय ते शोधत होता.

गार्थचा हात काउंटरवरून पुढे झेपावला आणि अर्ध्यावर थांबला. रिकामं होतं ते, दोघांनाही माहीत होतं. भीती त्याची नव्हती. आर्डिसच्या हातून हॅट खाली पडली. दोन वर्षं एका अंगठ्यावर तिनं संसार टांगून ठेवला होता.

ती पुढे झाली. नळी बाजूला सारून तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. त्यानं दिलं, मुकाट्यानं. तिनं नळी भिंतीकडे केली. अंगठ्यानं दाबून धरत घोडा सावकाश पुढे सोडला, मग दोन टिक मागे घेतला. झडप उघडली. फिरकी फिरवली. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. प्रत्येक घरातून तिनं आरपार बघितलं.

“वा!” व्हर्न म्हणाला. “असं आधी बघायचं असतं. लोक विसरतात हो. कुणी शिकवलं तुम्हाला, बाई?”

आर्डिसनं झडप लावली.

“माझ्या नवऱ्यानं.”

“शिस्तीचा दिसतो.”

“फार. जीव नकोसा करायचा.”

व्हर्न हसला. त्याचा हात पुन्हा रिव्हॉल्व्हरकडे आला. आर्डिसनं ते गार्थच्या बाजूला कापडावर ठेवलं आणि व्हर्नचं मनगट धरलं, अगदी हलकेच.

“व्हर्न,” ती म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली. “आजच्यापुरतं झालं. आता घरी जायचं.”

तो ताठ झाला. हात शरीराजवळ घेतले, मान खाली घातली. मैदानावर त्यानं ज्यांना ज्यांना हे सांगितलं होतं ते सगळे असेच उभे राहायचे. त्यानं हुज्जत घातली नाही. पण जागचा हललाही नाही, जणू कुणाचं तरी अजून काहीतरी बोलायचं राहिलं होतं. ते कुणी बोलेना तेव्हा त्यानंच मान वर केली.

“पुढच्या महिन्यात येऊ ना?”

गार्थ वळून मागच्या कपाटाशी काहीतरी शोधू लागला. त्याची नुसती पाठ दिसत होती.

“ये,” आर्डिस म्हणाली.

“बरं.” त्याचा चेहरा खुलला. त्यानं वाकून आपली हॅट उचलली, झटकली आणि तो दाराकडे गेला.

गार्थ परत आला तेव्हा त्याच्या हातात दोरा आणि चिठ्ठी होती. नाव लिहून झालं होतं.

“आर्डिस,” तो घसा खाकरून म्हणाला, “त्यानं झडप उघडली होती. पहिल्या वेळी. मी बघितलं. तू हॅटकडे बघत होतीस.”

“नाही, गार्थ.”

“मी सांगतो ना...”

“नाही उघडली. तुझा बाप खोटं बोलताना असाच घसा खाकरायचा.” तिनं पर्स उघडून पत्र आत आहे की नाही ते पाहिलं आणि पर्स मिटली. “ती चिठ्ठी राहू दे. सोमवारी सकाळी मी शेरिडनला फोन करते. आणि हे कुणी चांगल्या हाताचं गिऱ्हाईक आलं तर देऊन टाक. नवशिक्याला दे. पहिल्यांदाच घेणाऱ्याला.”

गार्थनं चिठ्ठी मुठीत चुरगाळली.

व्हर्न दार उघडून धरून उभा होता. बाहेर वारा सुटला होता, दार त्याला दोन्ही हातांनी रेटून धरावं लागत होतं. आर्डिस जवळ येताच त्यानं एक हात सोडून हॅटच्या कडेला लावला.

“आधी तुम्ही, बाई,” तो म्हणाला. “आणि तुमच्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.”

“सांगते,” ती म्हणाली आणि त्याच्या हाताखालून बाहेर पडली.