कुणाला पत्ता लागत नाही

विरुपाक्ष हत्तुरे यांना सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, त्याचं कारण त्यांनी स्वतःच पुरवलं होतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत पाणी कधी येणार एवढं त्या ग्रुपवर कळावं, ही सगळ्यांची माफक इच्छा. हत्तुरे अप्पा मात्र रोज सकाळी तिथे मूळव्याधीवरचे उपाय टाकत, फोटोंसकट. चेअरमन उदयसिंह घाडगे यांनी समजावून पाहिलं, हात जोडून पाहिले, आणि शेवटी एक बटण दाबून अप्पांना बाहेर काढलं.

काढलं याचं अप्पांना फार वाईट वाटलं नाही. आपल्यामागे तिथे काय बोलतात हे कळेना, याचा त्रास जास्त. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी गेली होती आणि पलीकडच्या टेबलावरची कुजबुज ऐकल्याशिवाय त्यांना डबा पचत नसे. बायको नागम्मा ग्रुपमध्ये होती, पण तिला विचारणं म्हणजे कमीपणा. तेव्हा तिला न विचारताच तिचे मेसेज वाचायचे, असं त्यांनी ठरवलं.

यूट्यूबवर एक पोरगं सांगत होतं की हे ॲप घ्या, कुणाचाही नंबर टाका, त्याचे सगळे चॅट तुमच्या फोनवर. ॲप प्ले स्टोअरवर नव्हतं, व्हिडिओखालच्या लिंकवरून घ्यायचं होतं. फोनने इशारा दिला की हे धोक्याचं आहे. एवढं अडवतात म्हणजे माल अस्सल असणार, असं अप्पांना वाटलं. मग त्या ॲपने जे जे मागितलं ते ते त्यांनी देऊन टाकलं. फोनचं संरक्षण बंद केलं. नंबरांची यादी दिली, मेसेज दिले, कॅमेरा दिला, पडद्यावर दिसेल ते वाचायची मुभा दिली. घराची किल्ली मागितली असती तर तीही दिली असती. शेवटी नागम्माचा नंबर टाकल्यावर पडद्यावर एक चक्र फिरू लागलं. ते फिरतंय तोवर आंघोळ उरकावी म्हणून अप्पा बाथरूममध्ये गेले.

कपाळाला विभूती लावून बाहेर येईपर्यंत त्यांच्या फोनमधल्या झाडून सगळ्या नंबरांवर एक मेसेज गेला होता. ‘या ॲपवर मला घरातल्या सगळ्यांचे मेसेज वाचायला मिळतात. कुणाला पत्ता लागत नाही. तुम्हीही घ्या.’ खाली लिंक. तो दूधवाल्याला गेला, दातांच्या डॉक्टरला गेला, मठातल्या स्वामीजींना गेला, वैरागच्या व्याह्यांना गेला. आणि नागम्मालाही गेला.

ती सोफ्यावर बसून तो शांतपणे वाचत होती.

“अहो,” ती म्हणाली, “घरातले सगळे म्हणजे मी एकटीच की.”

अप्पांनी ‘चुकून गेला’ असं एकेकाला लिहायला घेतलं, तर त्या प्रत्येकाला मागोमाग तीच लिंक पुन्हा गेली. अखेर नागम्मानेच लेकीला फोन केला. अक्षता कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. नवरा पुण्यात नोकरीला, ती इथेच. गाडी काढून ती लगेच आली. आधी तिने अप्पांच्या फोनचं इंटरनेट बंद केलं, सिम काढलं, स्वतःच्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवून घेतलं. मग बापाला समोर बसवून सांगितलं की आईचा एकही मेसेज या ॲपला कधी दिसणार नव्हता. ते फक्त तुमचं वाचत होतं, बँकेच्या ओटीपीसकट. फोन पुसून कोरा करावा लागेल, नातवाचे फोटोही जातील. फोटोंचं ऐकल्यावर अप्पांनी मान खाली घातली.

दुपारी तोच मेसेज चेअरमन उदयसिंहांच्या फोनवरून सगळ्यांना आला. मग तिसऱ्या मजल्यावर योगाचे वर्ग घेणाऱ्या प्रियदर्शनीकडून. मग एका म्हाताऱ्या जोडप्याकडून, नवऱ्याचा बायकोला आणि बायकोचा नवऱ्याला. उदयसिंहांनी ग्रुपवर घाईघाईने खुलासा टाकला की माझा फोन आपोआप बिघडला आहे, मी काहीच केलेलं नाही. अक्षताने आईच्या फोनवरून सभ्य भाषेत उत्तर लिहिलं. हे आपोआप होत नाही, आपल्या हाताने ॲप घेऊन परवानग्या दिल्या तरच होतं. ज्यांनी घेतलं असेल त्यांनी संध्याकाळी पार्किंगमध्ये फोन आणावेत.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे आले, आणि एकमेकांकडे न बघता उभे राहिले. अप्पांना मनातून गार वाटलं, हे मी नाकारणार नाही. प्रियदर्शनीच्या नवऱ्याने तिला विचारलं, कुणाचे मेसेज वाचायचे होते. तुमचेच, ती म्हणाली. त्याने आपला फोन तिच्या हातात दिला. तिने तिथेच उभ्याने सगळा चाळला. त्यात टायरवाल्याशी केलेली घासाघीस सोडून काही नव्हतं, आणि तिचा चेहरा पडला.

घरी आल्यावर नागम्मानेही तेच केलं. अप्पांच्या पुढ्यात आपला फोन ठेवला. अप्पांनी ग्रुप उघडून वाचला. आजचा गोंधळ सोडला तर पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती, कुणाची तरी हरवलेली मांजर. त्यांना काढल्यापासून त्यांच्याबद्दल कुणी एक अक्षर बोललं नव्हतं. हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

व्याह्यांकडे मात्र जाणं भाग होतं. लेकीच्या सासरी असा मेसेज गेल्यावर फोनवर माफी मागणं बरं दिसेना. अप्पा एसटीने वैरागला गेले. व्याही सिद्धलिंगप्पांचं तिथे कापडाचं दुकान. अप्पांनी बसल्या बसल्या माफी मागायला सुरुवात केली, तर सिद्धलिंगप्पांनी हाताने थांबवलं, आत विहीणबाई चहा टाकतायत याची खात्री केली आणि खुर्ची जवळ ओढली.

“ते चालतंय का हो?” त्यांनी हळूच विचारलं. “माझ्या फोनात जागाच न्हाय म्हनतंय. सकाळधरनं जुने फोटो पुसतोय.”

अप्पांनी त्यांच्या हातून फोन घेतला. लिंक पुसली, अर्धवट उतरलेलं ॲप शोधून तेही पुसलं. मग विचारलं, की तुम्हाला कुणाचं वाचायचं होतं.

“पोराचं,” सिद्धलिंगप्पा म्हणाले. “तुमच्या अक्षताला लई लांब लांब लिवतो म्हनं. आमच्याशी तर दोन शब्द बोलत न्हाय.”

“मग त्यालाच इचारा की,” अप्पा म्हणाले.

चहा आला. विहीणबाईंनी नातवाचं विचारलं, जेवूनच जा म्हणाल्या. अप्पा जेवले, निरोप घेऊन दुपारच्या एसटीत खिडकीशी बसले, आणि सोलापूर येईस्तोवर एकाच विचारात होते, की जावईबापू अक्षताला एवढं लांब लांब लिहितात तरी काय.