चकमधल्या अक्षता

सायलीने पोलादाचा जॉब लेथच्या पकडीतून, चकमधून, सोडवला, फिरवला आणि पुन्हा आवळला. लेथ सुरू करून मापाची डायल जॉबला टेकवली. काटा पुन्हा हलला. थोडाथोडका नाही, चांगला नाचला; जॉब मध्यावर फिरत नव्हता.

"जॉब आउट पळतोय," ती पुटपुटली. "चकमध्येच काहीतरी आहे."

शेजारच्या लेथवरून रविराजने मान वर न करताच ऐकवलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

दोन-तीन पोरं फिदीफिदी हसली. सायलीचे कान तापले.

हसायचा का दिवस होता तो? सातपूरच्या एका कंपनीचे साहेब कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसले होते. टर्नरच्या कोर्समधून दोन शिकाऊ कामगार निवडायचे, त्याची ही परीक्षा. पायऱ्यापायऱ्यांचा शाफ्ट काढायचा आणि सगळ्या पायऱ्या एकाच मध्यावर फिरल्या पाहिजेत. हजेरी घेताना वर्गातल्या एकुलत्या एका मुलीकडे बघून साहेब म्हणाले होते, "बरं झालं. आम्हाला स्टोअरला एक मुलगी हवीच होती." स्टोअर म्हणजे दिवसभर खोलीत बसून नट-बोल्ट मोजून द्यायचे. त्यासाठी का ती पिंपळगावहून रोज एसटीत उभी राहून येत होती? तिला लेथवर काम करायचं होतं.

तिने मशीन बंद केलं आणि चकचे तिन्ही जबडे, जॉ, बाहेर काढायला घेतले. वर्कशॉप शिकवणाऱ्या खंडेराव सरांनी लांबूनच कपाळाला हात लावला. ऐन परीक्षेत चक कोण खोलतं? तिने ब्रश आत फिरवला. ब्रशला कुंकवाने लाल झालेले, तेलात चिकटलेले तांदळाचे दाणे लागले.

सायली त्या दाण्यांकडे बघतच राहिली. खंडेनवमीला पोरांनी मशीनं पुसली, तेलपाणी केलं, आणि पूजेचं ताट मात्र सरांनी हिच्या हातात दिलं. "तू लक्ष्मी आहेस, पूजा तूच कर." पोरांच्या हातात ऑइलकॅन आणि आपल्या हातात ताट, या रागात तिने लग्नात टाकतात तशा मूठमूठ अक्षता टाकल्या होत्या. एकाच नाही, सगळ्या मशीनांवर. मधे दसऱ्याची सुट्टी गेली आणि वर्कशॉप उघडलं ते थेट परीक्षेलाच.

आता गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? रविराजचाही जॉब आउट निघाला असता. हा विचार तिला आवडला, क्षणभर चांगलाच आवडला. मग तिला स्वतःचाच राग आला.

"चक खोला रे सगळे," ती मोठ्याने म्हणाली. "आत अक्षता गेल्यात. पूजा मी केली होती, मीच टाकल्यात."

खंडेराव सर पुढे आले.

"ताट मी दिलं होतं, साहेब."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पोरांना चक साफ करायला वेळ वाढवून द्या."

"आणि हिला?"

"हिला कशाला? हिने खोललाय की."

रविराजने निमूटपणे चक खोलला. आतले लाल दाणे बघून त्याने ब्रश उचलला.

सायलीने नंबर बघून जॉ एकेक करून परत बसवले, जॉब आवळला, डायल टेकवली. काटा जागचा हलला नाही. तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं, पण तेवढी फुरसत कुठे होती? पोलादाची साल लांबच लांब निघू लागली. घाई असूनही तिचा हात एकदाही घसरला नाही. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती शाफ्ट पुसत होती.

साहेबांनी तो डायलखाली फिरवला. मग उलटा करून पुन्हा फिरवला. इतरांचे जॉब त्यांनी मापून टेबलावर ठेवले होते, हा मात्र हातातच धरून ठेवला.

"बूट कितीचा लागतो तुला?"

सायलीला काही उमगेना. तिने आपल्या कापडी बुटांकडे पाहिलं. "चारचा, सर."

"मग पंचाईत आहे. स्टोअरला काहीही चालतं. मशीनवर सेफ्टी बूट लागतो, आणि आमच्याकडे लहानात लहान सहाचा आहे."

खंडेराव सर काही बोलायच्या आत ती म्हणाली,

"दोन-दोन मोजे घालीन, सर."