थेंबातली देल्फिना

मी कॅमेऱ्याचं भिंग बोलतोय. पान, फूल, मुंगी अगदी नाकाला नाक लावून टिपायची, एवढंच मला येतं. लांबचं विचाराल तर मी ठार आंधळा.

जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण जगलो ग्वाटेमालातल्या कोबान गावात, तेओफिलो चोकच्या हातात. तिथे वर्षातले आठ-नऊ महिने बारीक पाऊस भुरभुरतो. लोक त्याला वैतागतात, आमचं पोट मात्र त्यावरच. पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब शोधायचा, त्याच्यामागे फूल धरायचं आणि थेंबात उमटलेलं इवलंसं फूल टिपायचं, हा आमचा धंदा. पण थेंब महाखोडकर, मागचं सगळं उलटं दाखवतो. म्हणून तेओफिलो फूलच उलटं टांगायचा, की थेंबात ते सुलटं दिसे.

त्याची बायको मातिल्दे मला सवत म्हणायची. "जेवायला येतोस का म्हाताऱ्या, की आज सवतच वाढणार आहे?"

त्यांची एकुलती एक लेक देल्फिना कामासाठी उत्तरेला निघाली आणि सरहद्दीपाशी तिचा माग संपला. तीन वर्षं झाली. मातिल्देने घरातल्या संत अंतोनियोला डोक्यावर उभं केलं. हरवलेलं माणूस आणून देईपर्यंत त्याला ही शिक्षा, अशी तिथली रीत.

त्यातच तेओफिलोला काचबिंदू झाला. उरलीसुरली नजर पावसाळ्याअखेर जाईल, असं डॉक्टर म्हणाले. त्याने एकच ध्यास घेतला, नजर जाण्याआधी लेकीला थेंबात बघायचं.

अंगणात नेच्याच्या पानामागे त्याने तिचा जुना फोटो काठीला उलटा बांधला, मला समोर रोखून ठेवलं आणि फिल्म आणायला आत गेला. तेवढ्यात मातिल्दे आली. पोरीचं डोकं खाली पाहून ती कळवळली. "शिक्षा त्या संताला. माझ्या लेकराने काय केलंय?" असं पुटपुटत तिने फोटो सरळ बांधला.

तेओफिलो परतला, त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. त्याला दिसला नुसता उजळ ठिपका आणि त्यात लाल झग्याचा रंग. "आली गं," म्हणाला आणि बटण दाबलं. थेंबात देल्फिना उलटी होती. मी ती बिनचूक टिपली, हेच माझं दुःख.

नवा फोटो धुऊन आला तोवर त्याला उजेड-अंधारच तेवढा कळत होता. मातिल्देने फोटो पाहिला. आपल्या हातून काय झालं ते तिला उमगलं. मग तिने तो उलटा फिरवून धरला.

"सरळ आहे ना?" त्याने विचारलं.

"सरळ आहे. हसतेय."

"आणि थेंब? पानाला लोंबतोय ना?"

तिला खोटं बोलायची सवय नव्हती. "पानावर उभा आहे," ती हळूच म्हणाली.

असा थेंब तेओफिलोला उभ्या जन्मात भेटला नव्हता.  मग चाचपडत त्याने तिचा हात धरला. "भिंतीवर तसाच लाव, म्हातारे."

आता मी ओल टिपणाऱ्या तांदळाच्या डब्यात पडून आहे. दमट हवेने माझ्यात बुरशी शिरलीय. देल्फिनाची अजून खबर नाही. घरी येणारा प्रत्येक जण तो फोटो चुकून उलटा लागलाय समजून नीट करायला जातो. मी डब्यातून कुणाला अडवणार? तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर कृपा करून त्याला हात लावू नका.