मागचा दिवा

एडवणला कुणाच्या बोटीचं इंजिन रुसलं की आधी कमलाकांतला बोलावणं जातं आणि मग देवाला नारळ. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं सांगतो, आणि आजूबाजूला चार माणसं असली तर जरा मोठ्याने सांगतो. असल्या माणसाला एका टीचभर स्प्रिंगने मान खाली घालायला लावली. ती अजून म्हणावी तशी वर आलेली नाही.

झालं असं, की त्याच्या मुलीला, भाविकाला, तारापूरच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. पाळी भल्या सकाळची. त्या वेळेला एडवणहून तिकडे पोचवेल अशी ना एसटी, ना रिक्षा. घरात कमलाकांतची जुनी मोटरसायकल होती आणि भाविकाला ती चालवताही येत होती, पण गावातल्या गावात. बोईसरचा रस्ता, त्यावरचे ट्रक आणि टँकर म्हटल्यावर तिच्या आईचा जीव खालीवर व्हायला लागला. शेवटी कमलाकांतनेच तोडगा काढला. रविवारी त्याच रस्त्याला, बोईसरच्या पुढे पामला त्याच्या बहिणीकडे, जमनाकडे, नातवाचं बारसं होतं. भाविकाने गाडी चालवत पामला जायचं आणि त्याने पुतण्या मेहुलच्या गाडीवर बसून तिच्या पाठोपाठ यायचं.

"मला पटलं तर सोमवारपास्न जा," तो म्हणाला. "नाय पटलं तर नोकरीचं नाव काढायचं नाय."

भाविका लगेच हो म्हणाली. तिला स्वतःची खात्री होती.

शनिवारी त्याने गाडी तपासायला घेतली. ब्रेक दाबला तर मागचा लाल दिवा पेटेना. त्याने बल्ब काढून उजेडात धरला, तार शाबूत होती. होल्डरमध्ये खाऱ्या हवेने हिरवं साचलं होतं, ते काचकागदाने घासलं. तरी अंधारच. मग वायर धरून धरून तो ब्रेकच्या पायपट्टीजवळच्या स्विचपर्यंत आला आणि तिथे त्याला चोर सापडला. पायपट्टी खाली गेली की स्विच ओढणारी छोटी स्प्रिंग गंजून तुटली होती. नवी आणायला पालघर गाठावं लागलं असतं. त्याने आपल्या डब्यातली दुसरीच एक काढली, ती लांब वाटली म्हणून दोन वेढे कापले आणि ओढून बसवली. ब्रेक दाबला, दिवा पेटला. सोडला, विझला. "बघ," तो बायकोला म्हणाला, "मेकॅनिकला कशाला पैसे घालायचे?" बायकोने बघितलं आणि भाकऱ्या थापायला आत गेली.

रविवारी सकाळी भाविका पुढे, हे दोघे मागे, अशी वरात निघाली. केळव्याच्या वाड्या संपेपर्यंत कमलाकांत गप्प होता. पुढे रस्ता उखडलेला लागला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. खड्डा आला की भाविकाच्या गाडीचा लाल दिवा पेटायचा. गतिरोधक आला, पेटला. साधं डांबराचं ठिगळ आलं, तरी पेटला. "घाबरते रे ही," तो मेहुलच्या कानात ओरडला. "ब्रेकवरचा पाय काय उठत नाय!" पालघर मागे पडलं, बोईसर आलं, आणि त्याच्या मनातला निकाल पामच्या आधीच लागला.

जमनाच्या अंगणात मांडव होता, पाहुणे जमले होते. भाविका हेल्मेट काढून हसत आली. एकाही जागी गाडी बंद पडली नव्हती, एका ट्रकला तिने अदबीने वाट दिली होती, आणि बापाच्या तोंडून दोन शब्द ऐकायला ती आली होती. कमलाकांतने ते दिले, पण दुसरेच.

"कशी चालवली रे भाचीने?" जमनाने विचारलं.

"चालवली कुठं? ब्रेक दाबत दाबत आली," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "खड्डा बघितला की ब्रेक, सावली बघितली की ब्रेक. पाठीवर ट्रक असता तर आज बारशाऐवजी बारावं घातलं असतं!"

मांडव खदखदून हसला. भाविकाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्यातलं पाणी गेलं.

"बाबा, मी ब्रेक दाबलाच नाय. दोनदा दाबला असेल."

"मी पाठी होतो ना? दिवा माझ्या डोळ्यासमोर पेटत होता."

"पण माझा पाय—"

"दिवा काय आपोआप पेटतो?"

यावर आणखी हशा झाला. भाविकाने एकदा मेहुलकडे बघितलं. मेहुलने खांदे उडवले, दिवा त्यानेही पाहिला होता. मग ती बायकांत जाऊन बसली आणि पाळण्याच्या गाण्यांतही तिचा आवाज कुणाला ऐकू आला नाही. जेवण झाल्यावर कमलाकांतने गाडी स्वतःकडे घेतली. भाविका मेहुलच्या मागे बसून पुढे निघून गेली, निरोप घ्यायलाही थांबली नाही.

दुपार कलताना कमलाकांत बोईसरच्या नाक्यावर गाड्यांच्या तुंबाऱ्यात अडकला. एक पाय जमिनीवर, दुसराही जमिनीवर, गाडी चालू. मागे सायकलवर पाळी सुटलेला एक कामगार उभा होता.

"चाचा, ब्रेक से पैर हटाओ," तो म्हणाला. "आँख पे लाल बत्ती मार रही है."

"पैर नीचे है," कमलाकांत म्हणाला. "ब्रेक दबाया ही नहीं."

"तो बत्ती क्या अपने आप जल रही है?" कामगार हसला.

कमलाकांतने मान वळवली. मागच्या टेम्पोच्या पांढऱ्या तोंडावर लाल उजेड पडला होता आणि इंजिनाच्या थरथरीबरोबर लुकलुकत होता. त्याने खाली पायांकडे बघितलं. दोन्ही पाय डांबरावर होते. आपण सकाळी मांडवात जे बोललो तेच कुणीतरी आपल्या तोंडावर फेकलं, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. त्याने गाडी कडेला घेतली आणि गुडघ्यावर बसला. स्प्रिंग नको तितकी ताणलेली होती. बोटाने पायपट्टीला नुसता धक्का दिला तरी दिवा पेटत होता. कापलेले ते दोन वेढे त्याला डोळ्यांसमोर दिसले. पाना काढून त्याने नट फिरवून स्विच जरा खाली घेतला, स्प्रिंग सैल झाली, आणि मग गाडी हलवली, आपटली, तरी दिवा विझलेलाच राहिला. हे काल घरी करायचं होतं. पोरगी खरं बोलत होती आणि आपण तिला चारचौघांत खोटी पाडली, हे त्याला तिथे रस्त्याच्या कडेला स्वच्छ कळलं. जीभ हासडून द्यावी असं वाटलं.

घरी गेल्या गेल्या सांगायचं, असं तो पालघरपुढच्या माहीमपर्यंत म्हणत होता. केळव्यापर्यंत म्हणत होता. घरी आला तर भाविका भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि बायको त्याच्याकडे बघत होती. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून भलतंच निघालं.

"चल, केळव्यापर्यंत परत एकदा बघू. एक संधी देतो."

संधी देतो, म्हणे! पण भाविका उठली. या वेळी मेहुल एकटा मागून गेला आणि परत आला तो ओरडतच, "काका, एकदा पण नाय पेटला! एका खड्ड्याला पण नाय!" घरात आनंदीआनंद झाला. "बाप टोचून बोलला म्हणून सुधारली," आई म्हणाली. कमलाकांत नाही म्हणाला नाही. उलट त्याने मान डोलावली, आणि त्या डोलावण्याची आठवण पुढे त्याला जेवताना, बोटीवर, कुठेही यायची आणि घास कडू व्हायचा.

भाविका सोमवारपासून जायला लागली. ती घरी येईपर्यंत तो ओट्यावर बसून राहायचा. आज सांगू, उद्या सांगू, असं करत पहिला पगार झाला. तिने त्याच्यासाठी शर्ट आणला. तो त्याने घातला नाही. "सणाला घालीन," म्हणाला.

मग एका दुपारी ती लंगडत घरात आली. कोपर सोललं होतं, गुडघ्यावर सलवार फाटली होती. माहीमच्या वळणावर रेडकू आडवं आलं होतं. आईने रडारड केली आणि हळद आणायला धावली. कमलाकांत तिच्यासमोर बसला.

"ब्रेक लागला नाय काय?"

"पुढचा लावला बाबा, तिथंच चाक घसरलं. मागचा लावायला पाय वेळेवर पोचलाच नाय." मग ती शरमून म्हणाली, "मी पाय लांबच ठेवते ना हल्ली. ती सवय मोडायला. तुमी पामला बोललात तेव्हा मी उगाच वाद घातला. मला खरंच वाटत होतं मी दाबत नाय. पण तुमी दोघांनी बघितलं म्हणजे दाबतच असणार. आपला पाय काय करतो ते आपल्यालाच कळत नाय, याची मला आता भीती वाटते."

कमलाकांतला वाटलं, आत्ता जमीन दुभंगावी.

"तू दाबला नव्हतास," तो म्हणाला.

"काय?"

"ब्रेक. तू एकदाही दाबला नव्हतास. स्प्रिंग मी कापून बसवलेली. आखूड झाली. गाडी हादरली की दिवा आपोआप पेटायचा."

हळदीची वाटी घेऊन आलेली आई दारातच उभी राहिली. भाविका बापाकडे वळली.

"तुमाला कधी कळलं?"

इथे एक खोटं सहज खपलं असतं. काल कळलं, आज सकाळी कळलं. कमलाकांतच्या ओठांवर ते आलंही होतं.

"त्याच दिवशी," तो म्हणाला. "बोईसरला. घरी यायच्या आधी."

भाविकाने आईच्या हातातली वाटी घेतली आणि त्याच्याकडे पाठ करून आपल्या कोपराला आपणच हळद लावायला लागली. हात पोचत नव्हता. कमलाकांत पुढे झाला तशी तिने कोपर काढून घेतलं.

त्याने खिशातून फोन काढला आणि जमनाला लावला, स्पीकर चालू करून.

"बोल रे दादा," पलीकडून जमना म्हणाली. मागे तिच्या घरात माणसांचा गलका होता.

"जमने, त्या बारशाच्या दिवशी पोरगी खरं बोलत होती. ब्रेक तिने दाबला नव्हता. चूक माझी होती, दिवा मी बिघडवलेला."

"अगो बाई!" जमना हसली. "एवढंच ना? मला वाटलं काय झालं! आमी तर कधीच विसरलो ते. तू पण काय घेऊन बसलास?"

भाविकाचा हळदीचा हात थांबला होता.

"एवढंच नाय, जमने," कमलाकांत म्हणाला. "तुझ्या घरात आहेत त्या सगळ्यांना जवळ बोलव." आणि तो पहिल्यापासून, स्प्रिंगपासून, पुन्हा सांगू लागला.