नऊ फुटांचा गोल

मित्रांनो, मी एक जुना क्रेट आहे. द्राक्षांचा, लाल रंगाचा, धरायचा एक कान तुटलेला. मी अजून भंगारात कसा गेलो नाही, असं तुम्हाला वाटत असेल, तर माझी गोष्ट ऐका.

प्लास्टिक वितळवून साच्यात ओतलं आणि माझा जन्म झाला. तिथून निफाडजवळच्या एका बागेत आलो. हंगामात द्राक्षांचे घड पोटाशी धरून मी पिंपळगावच्या बाजारात जाई. "हा क्रेट लय मजबूत हाय," असं माणसं म्हणत आणि मी फुगून जाई. मग एकदा टेम्पोतून पडलो, कान तुटला आणि कौतुक तिथंच संपलं. मला बांधावर फेकून दिलं.

तिथून मला उचललं ते खंडेरावांनी. सगळे त्यांना खंडूनाना म्हणत. त्यांची हयात बागा लावण्यात गेलेली. फुटबॉल त्यांनी पाहिला होता तो टीव्हीवर, नातीच्या शेजारी बसून. नात स्नेहल आणि तिच्या मैत्रिणींनी गावात मुलींची टीम काढली, पण मॅनेजर व्हायला कोणी पुढे येईना.

"मी होतो," नाना म्हणाले.

असा गावाला पहिला मॅनेजर मिळाला. टीम निवडणं, टेम्पो ठरवणं, बूट गोळा करणं, घरोघरी जाऊन पोरींच्या आयांना पटवणं, सगळं एकट्या नानांच्या डोक्यावर. गाव हसलं. नानांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मैदान म्हणजे यादवअण्णांची पडीक जागा. अण्णांनी तोंडावर सांगितलं होतं, "नाना, हंगामाच्या आधी एक तरी मॅच जिंका. जिंकलात तर खेळा खुशाल. नाय तर मी इथं टेम्पो उभे करणार."

हंगामाच्या आधी दोनच सामने होते.

गोलाचे खांब आम्हीच. इकडे मी, तिकडे माझा जोडीदार, नानांनी उचलून आणलेला दुसरा जुना क्रेट. मध्ये अंतर किती? द्राक्षांच्या दोन ओळींत ठेवतात तेवढं, नऊ फूट. नानांच्या पायांना तेच ठाऊक होतं. गोलकीपर स्नेहल आमच्यामधून बॉल जाऊच देत नसे, आणि नाना मिशीतल्या मिशीत हसत.

पहिला सामना नाशिकला झाला. नानांना बसायला म्हणून मीही गेलो. तिथले लोखंडी खांब पाहिले आणि मला घाम फुटला. चोवीस फूट! आमच्या पोरींनी पटापट चार गोल केले, त्यांना तो गोल अंगणासारखा मोकळा होता. पण स्नेहललाही तेवढंच अंगण राखायचं होतं. तिनं सात गोल खाल्ले.

परतताना टेम्पोत ती रडली. "नाना, मला दोन्हीकडं मोकळंच दिसत होतं."

"तुझी चूक नाय, पोरी," नाना म्हणाले. "मी बाग लावली. गोल नाय लावला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेपनं मोजून माझ्या जोडीदाराला पार दूर नेलं. इतक्या दूर की मला करमेना. नाना हातानं बॉल फेकत, खांदा दुखला की दुसऱ्या हातानं फेकत. स्नेहल इकडे झेपावे, तिकडे झेपावे. तिचे गुडघे फुटले, पण तिनं एक दिवस चुकवला नाही. तिची ती जिद्द पाहून मला माझ्या तुटलेल्या कानाची लाज वाटेनाशी झाली.

दुसरा सामनाही नाशिकलाच होता, मी पुन्हा नानांच्या बुडाखाली. या वेळी अण्णा स्वतः आले. आमच्या पोरी एका गोलानं पुढे होत्या आणि शेवटच्या मिनिटाला समोरच्या मुलीनं कोपऱ्यात बॉल मारला. नाना माझ्यावरून उठले. स्नेहल झेपावली, बोटं लागली, बॉल खांबाबाहेर गेला.

अण्णा धोतर झटकत म्हणाले, "टेम्पो दुसरीकडं लावू."

मग मैदानावर लोखंडी खांब आले आणि मी गोठ्यात. माझ्यात सडके कांदे पडले. फार वाईट वाटलं, मित्रांनो. पुढे नानांचे गुडघे थकले आणि स्नेहल मॅनेजर झाली. पहिल्याच दिवशी तिनं आम्हा दोघांना बाहेर काढलं, धुतलं आणि लोखंडी खांबांच्या आत नऊ फुटांवर मांडलं.

"ताई, एवढा बारका गोल?" एका मुलीनं विचारलं.

"मारताना एवढा," स्नेहल म्हणाली. "अडवताना तो मोठा."

म्हणून सांगतो, मित्रांनो, कान तुटला म्हणून कुणाला फेकू नका. थोडं धुऊन पाहा, काम निघतं.

नाना अजून रोज येतात आणि बांधावर टेकतात. परवा टीममधल्या हर्षालीनं त्यांच्यासाठी घरून खुर्ची आणली.

"राहू दे, बाळा," नाना म्हणाले. "माझी खुर्ची कामावर गेलीय."