चाळीस मिनिटे, पंखा बंद

मित्रांनो, माझे वय झाले आहे आणि मला राग आला आहे. म्हातारपणी राग बरा नाही म्हणतात, पण ऐकून तर घ्या.

मी व्यायामशाळेतली, एका जागी उभी राहणारी सायकल आहे. पुढे एकच जड चाक. ते कितीही फिरले तरी मी जन्मात वीतभरसुद्धा पुढे सरकलेले नाही. कारखान्यात मला रंग देणारा कामगार हसून म्हणाला होता, "हिला पंक्चरची भीती नाही!" सुरुवातीची वर्षे मजेत गेली. कोणी पोट कमी करायला यायचे, कोणी दम वाढवायला, एक गृहस्थ तर माझ्यावर बसून नुसता टीव्ही बघायचे. रोज संध्याकाळी मला मऊ फडक्याने पुसत. पुढे नव्या चकचकीत सायकली आल्या आणि माझ्याकडे कोणी बघेना. माझी सीट फाटली, तेव्हा मालकांनी तिच्यावर काळी चिकटपट्टी ओढली. पट्टी कडेने सुटली आणि तिची धार वर आली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मालकांना तीनदा सांगितले. "बघू," म्हणाले. त्यांचे ते 'बघू' मी अजून बघते आहे.

मला सांभाळले ते ताईने. ताई इथे सायकलचा वर्ग घेत असे. शिकवताना ती मुद्दाम माझ्यावरच बसायची. "म्हातारी कुरकुरते, पण दगा देत नाही," असे म्हणायची.

ताईला एक त्रास होता. मांड्यांवरचे केस रेझरने काढले की ते पुन्हा उगवताना कातडीच्या आतच वळायचे आणि त्यांचे फोड व्हायचे. वर तो घट्ट गणवेश. म्हणून तिने लेझर करून घ्यायचे ठरवले. लेझर म्हणजे एक तीव्र प्रकाश. त्याच्या उष्णतेने केसाचे मूळ जळते. त्यानंतर कातडी एक-दोन दिवस तापलेली असते, उन्हात भाजल्यासारखी. तिला तेव्हा घाम, घर्षण आणि गरमी सोसत नाही.

ताईने हे सगळे मालकांना आधीच सांगितले होते. माझ्याजवळच उभे होते दोघे.

"गुरुवारी लेझर आहे. शुक्रवार-शनिवार व्यायाम करायचा नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी बजावलंय. लाली गेल्याशिवाय सायकलवर बसणार नाही मी."

"हो हो, घे की सुट्टी," मालक फोनकडे बघत म्हणाले.

आणि शुक्रवारी दुपारी त्यांनी तिला बोलावून घेतले! जाहिरातीसाठी फोटो काढणारा आला होता. ताईला वाटले, बाजूला उभे राहायचे असेल. ती सैल सुती पायजमा घालून आली. मालकांनी तिच्या हातात गणवेश ठेवला.

"अहो, आधीच सांगितलं होतं ना तुम्हाला... पाय अजून लाल आहेत माझे."

"केस काढलेत ना? पाय तर नाही काढले? बस सायकलवर. नाहीतर सोमवारपासून वर्ग दुसरी कोणीतरी घेईल."

मित्रांनो, हे वाक्य आठवले की माझे चाक आजही थरथरते. आजूबाजूला सात-आठ माणसे होती. दोघे हसलेसुद्धा.

ताई बसली, सवयीने माझ्यावरच. समोर दोन मोठे दिवे लावले. फोटोवाला म्हणाला, "पंखा बंद करा, डोक्यावरचे केस उडतायत." पंखा बंद झाला. "अजून जोरात! खरा घाम दिसू दे!" ताई पाय मारत राहिली. तिचा घाम माझ्या सीटवर उतरला. ती फाटकी पट्टी तिच्या मांडीला घासत होती, प्रत्येक फेरीला, आणि मला अंग आकसून घेता येत नव्हते. मी लोखंडाची. मला स्वतःचाही राग आला.

कोपऱ्यात एक निवृत्त शिक्षिका गुडघ्याचा व्यायाम करत असत. सगळे त्यांना बाई म्हणत. त्या म्हणाल्या, "अहो, तिचा चेहरा बघा. तिला त्रास होतोय."

"बाई, तुम्ही तुमचा गुडघा बघा," मालक म्हणाले.

बाई उठल्या. लंगडत भिंतीपाशी गेल्या, पंखा लावला आणि बटणाला पाठ टेकून उभ्या राहिल्या. "आता बंद करायचा असेल तर आधी मला हलवा. उतर गं, पोरी."

ताई उतरली. चाळीस मिनिटे झाली होती. तिला चालता येत नव्हते. दोन्ही मांड्यांवर पाण्याचे फोड आले होते. बाईंनी तिला आपल्या गाडीतून दवाखान्यात नेले.

मालक सगळ्यांना सांगत सुटले, "लेझरच वाईट होतं." अहो, लेझरने तिला दोन दिवस मागितले होते. ते कोणी दिले नाहीत?

ताई तीन आठवड्यांनी आली. तेव्हा दारासमोरच तिचा माणसाएवढा फोटो लावला होता. दात आवळलेले, डोळे मिटलेले. खाली ठळक अक्षरे: 'अशी जिद्द हवी!'

तिने ती अक्षरे वाचली. मग सैल पायजम्यातच माझ्यावर बसली आणि दहा मिनिटे अगदी हळू पाय मारले. उतरून कातडी तपासून आली.

"एवढंच?" मालकांनी विचारले.

"आज एवढंच. उद्या त्रास झाला नाही तर पंधरा."

संध्याकाळी वर्ग भरला. ताईने कोणालाच सायकल सुरू करू दिली नाही. फोटोकडे बोट दाखवून ती म्हणाली, "यात मी मेहनत करत नाहीये. यात मी भाजतेय. मी नको म्हणाले होते, तरी मला बसवलं. तुमच्यापैकी काहीजण तेव्हा इथेच होते."

जे दोघे हसले होते, त्यांतला एक उठला आणि त्याने फोटो उतरवला. मालक ओरडले. त्याने तो गुंडाळून त्यांच्याच हातात दिला.

महिनाअखेर ताईने ही व्यायामशाळा सोडली. आता ती बाईंच्या सोसायटीतल्या सभागृहात वर्ग घेते, असे ऐकते. तिच्या मांड्यांवरचे काळे डाग फिके होतायत, पण पुरते गेलेले नाहीत. मालकांनी माफी मागितली नाही. मागतील असे वाटतही नाही.

माझा रागही गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छा नाही. मित्रांनो, व्यायाम जरूर करा. पण शरीराने सुट्टी मागितली तर ती पुरती द्या, आणि परतताना हळू परता. आणि शेजारचा कोणी "आज मला जमणार नाही" म्हणाला, तर त्याला आधी उतरू द्या. का, ते नंतर विचारा.